सगळे 'सातो' होतील ते होवोत, आधी 'मिनाई' कुठे चाललेत ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत 'गंमतजंमत' टाइपच्या कोपऱ्यात परत ती चौकट छापून आली, जपानमध्ये २५३१ साली सगळ्यांचं आडनाव 'साटो' होणार म्हणून. पहिली गोष्ट, साटो नाही, सातो. देवनागरीत त आहे, ट आहे, आपल्याला जपानी नावं जवळजवळ जशीच्या तशी लिहिता येतात, तरी आपण इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाज बांधत बसतो. दुसरी गोष्ट अशी की ती बातमी गंमत नाहीये, आणि ज्या अर्थाने छापली त्या अर्थाने ती बातमी पण नाहीये. हे जरा सविस्तर लिहितोय, कारण मी कंपनीच्या कामासाठी जपानात यामानाशी नावाच्या प्रांतात राहिलोय आणि तिथल्या 'मिनाई' या एका अगदी दुर्मिळ आडनावाच्या मागे माझं डोकं तेव्हापासून लागलेलं आहे. पत्र लांबणार हे आधीच सांगतो.

आधी ते २५३१ काय आहे ते. तोहोकु विद्यापीठात हिरोशी योशिदा नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत, त्यांनी हा हिशोब मांडला. सातो हे जपानमधलं सगळ्यात कॉमन आडनाव, दर शंभरात साधारण दीडजण सातो. २०२२ ते २०२३ या एका वर्षात हे प्रमाण जेवढ्या पटीने वाढलं तेवढ्याच पटीने ते दरवर्षी वाढत राहिलं असं धरलं तर २५३१ साली शंभर टक्के सातो. आता कुणीही म्हणेल की एका वर्षाचा वेग धरून पाचशे वर्षांचं भविष्य कोण सांगतं, तर बरोबर आहे, कुणीच सांगत नाही, योशिदा पण 'हे असंच होणार' म्हणून सांगत नाहीयेत. लग्नानंतर नवराबायकोला आपापली आडनावं ठेवू द्या अशी मागणी करणारा 'थिंक नेम प्रोजेक्ट' नावाचा एक उपक्रम आहे, त्यांच्यासाठी केलेला हा हिशोब. बातमी बाहेर आली ती नेमकी १ एप्रिल २०२४ ला, त्यामुळे बऱ्याच जणांना एप्रिल फूल वाटलं. त्याच हिशोबात असंही आहे की तोपर्यंत जपानची लोकसंख्याच कमी होत होत जेमतेम २ लाख ८० हजारांवर येईल. म्हणजे सगळे सातो होतील खरे पण सगळे मिळून आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढेच असतील. हे वाक्य आपल्या चौकटीत नव्हतं. आणि नवराबायकोला वेगवेगळी आडनावं ठेवायची मुभा दिली तर २५३१ साली सातो फक्त ८ टक्क्यांच्या आसपास राहतील, हे त्याच अभ्यासातलं वाक्य, ते पण नव्हतं.

पण माझा मुद्दा सातोंचा नाहीच. सातो मजेत आहेत, त्यांची काळजी नको. मुद्दा हा की एक आडनाव फुगतं म्हणजे दुसऱ्या टोकाला शेकडो बारकी आडनावं गपचूप संपत असतात आणि त्यांची बातमी कुणी करत नाही.

जपानमध्ये एकूण आडनावं किती यावर तिथलेच लोक भांडतात, कारण एकच उच्चार वेगवेगळ्या चित्राक्षरांनी, म्हणजे कांजीने लिहितात आणि एकच कांजी वेगवेगळ्या पद्धतीने वाचतात, मग मोजायचं कसं. लाखापासून तीन लाखांपर्यंत काहीही आकडे सांगतात. शेजारी कोरियात किम, ली आणि पाक या तिघांतच जवळजवळ निम्मी जनता बसते, चीनमध्ये पण रोजच्या वापरातली आडनावं काही हजारच, आणि जपान मात्र आडनावांचं जंगल. त्यात काही अशी की कोडं सोडवल्याशिवाय वाचताच येत नाहीत. उदाहरणार्थ एका आडनावात अक्षरं लिहिलेली आहेत 'चार महिना एक तारीख' आणि वाचायचं 'वातानुकी'. का, तर जुन्या पंचांगाप्रमाणे चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला थंडीच्या जाड किमोनोतला कापूस उसवून काढायचे, आणि कापूस काढणे म्हणजे वातानुकी. 'छोटे पक्षी खेळतात' असं लिहायचं आणि वाचायचं 'ताकानाशी', म्हणजे ससाणा नाही, ससाणा नाही म्हणून पाखरं बिनधास्त. 'चंद्र दिसतो ते गाव' असं लिहून वाचायचं 'यामानाशी', म्हणजे डोंगर नाहीत (आणि ज्या यामानाशी प्रांतात मी राहिलो तिथे जिकडे बघावं तिकडे डोंगरच, फुजी धरून! प्रांताच्या नावाची अक्षरं वेगळी आहेत म्हणा). इंटरनेटवर हीच चारपाच आडनावं फिरत असतात आणि लोक 'वा वा' करतात. मला मात्र या सगळ्यांपेक्षा 'मिनाई' जवळचं वाटतं, कारण त्याला पाय आहेत, म्हणजे ते नकाशावर दाखवता येतं.

मिनाई हे आडनाव लिहितात 'औषध' आणि 'पिशवी' या दोन अक्षरांनी. सरळ वाचलं तर 'याकुताई' व्हायला पाहिजे, किंवा 'कुसुरीबुकुरो'. 'मिनाई' कुठून आलं हे त्या अक्षरांकडे तासभर बघत बसलात तरी कळणार नाही. 'मिनाई'चा बोलीतला अर्थ 'बघत नाही', 'बघितलं नाही'. यावर यामानाशीत कुणालाही विचारा, एक गोष्ट ऐकवतात. सोळाव्या शतकात तो सगळा मुलूख, तेव्हाचं नाव काई, ताकेदा शिंगेन नावाच्या सरदाराचा. आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गेलं की 'महाराज इथे आले होते' अशी एक तरी गोष्ट निघतेच, तसं यामानाशीत शिंगेनचं. तर शिंगेन त्या खोऱ्यातून जाताना त्याची औषधाची पिशवी पडली, गावातल्या एका माणसाला ती सापडली, त्याने नेऊन दिली. शिंगेनने विचारलं, आत काय आहे बघितलंस का? तो म्हणाला 'मिनाई'. शिंगेन खूश झाला कारण सरदाराला काय आजार आहे, तो कुठलं औषध घेतो हे बाहेर कळणं म्हणजे शत्रूच्या हातात पत्ता देणं, आणि त्याने त्या माणसाला हेच आडनाव दिलं, लिहायचं औषधाची पिशवी आणि वाचायचं 'बघितलं नाही'.

गोष्ट झकास आहे. त्यात शिंगेन खरोखरच आजारपणाने गेला, १५७३ साली, मोहिमेवर असताना, आणि आपलं मरण तीन वर्षं लपवून ठेवा असं तो सांगून गेला म्हणतात, त्यामुळे औषधाच्या पिशवीची गुप्तता अगदी फिट्ट बसते. इतकी फिट्ट बसते की मला संशय येतो. शिवाय त्याच गावाची दुसरी पण गोष्ट आहे, की तिथले लोक एवढे धडधाकट आणि दीर्घायुषी की औषधाची पिशवी कुणाच्या घरात बघायलाच मिळायची नाही, म्हणून 'मिनाई'. एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्या की समजावं नाव आधीचं आहे आणि गोष्टी मागून चिकटल्यात. आणि खरंच, मिनाई हे मुळात एका वाडीचं नाव आहे, हायाकावा नावाच्या गावात, आणि जाणकार आडनावाचं मूळ तिथेच धरतात. आपल्याकडे जसं गावावरून 'कर' लागतं तसं जपानी आडनावांतलं फार मोठं प्रमाण जागेवरून आलेलं आहे, फक्त ते मागे 'कर' न लावता जागेचं नाव तसंच उचलतात. सरदाराने खूश होऊन आडनाव बक्षीस दिलं यापेक्षा 'मिनाईचे ते मिनाई' हे जास्त पटतं, पण ते टुरिस्टला सांगायला मजा येत नाही.

हायाकावाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दक्षिण आल्प्स म्हणतात त्या डोंगरांच्या कुशीत, नदीच्या खोऱ्यात लांबच लांब पसरलेलं गाव, १९५६ मध्ये सहा खेडी एकत्र करून केलेलं. क्षेत्रफळ साधारण ३७० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा लहान, आणि त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त जंगल. माणसं किती? १९६० च्या सुमारास वीजप्रकल्पांची कामं चालू होती तेव्हा दहा हजारांच्या वर होती, २०२० च्या जनगणनेत साधारण अकराशे. जपानमध्ये 'चो', म्हणजे छोट्या नगराच्या दर्जाची जेवढी गावं आहेत त्यातल्या सगळ्यात कमी वस्तीच्या गावांपैकी हे एक. आणि इथे काय नाहीये विचारा! ७०५ साली सुरू झालेलं, जगातलं सगळ्यात जुनं म्हणून गिनीजमध्ये नोंद असलेलं गरम पाण्याच्या झऱ्याचं हॉटेल 'केइउनकान' याच गावच्या हद्दीत आहे. शाई उगाळायचे जे दगड असतात, सुझुरी, त्यातले नामांकित आमेहाताचे दगड इथले. खोऱ्याच्या वरच्या टोकाला नारादा नावाची वाडी आहे तिची बोली आजूबाजूच्या कुठल्याच बोलीशी जुळत नाही, भाषावाले त्याला 'भाषेचं बेट' म्हणतात. अशा ठिकाणी एक आडनाव शेकडो वर्षं टिकतं यात नवल नाही, आणि अशा ठिकाणचा तरुण माणूस कोफूला (प्रांताचं मुख्य शहर), टोकियोला निघून गेला की ते आडनाव मुळापासून सुटतं यातही नवल नाही. आज मिनाई आडनावाची माणसं बहुतेक यामानाशी प्रांतातच आहेत. कोफूच्या आसपास कुणाला 'मिनाई-सान' म्हटलं तर भुवया उंचावत नाहीत, पण तोच माणूस ओसाकाच्या हॉटेलात रजिस्टरवर नाव लिहितो तेव्हा रिसेप्शनिस्ट बिचारी वाचायला घाबरते. आमच्या शॉपफ्लोअरवर एक मिनाई-सान होते, बाहेरच्या सप्लायरचा फोन आला की आपलं नाव 'औषधाची औषध, पिशवीची पिशवी' असं फोडून सांगायचे आणि एवढं करून पुढचा माणूस दरवेळी 'बरं, याकुताई-सान' म्हणायचा. चिडायचे नाहीत, सवय झाली होती.

इथे एक गैरसमज काढायलाच पाहिजे कारण तो मराठी काय, जपानी लेखांतही सर्रास सापडतो. तो असा की जपानमध्ये सामान्य माणसाला पूर्वी आडनावच नव्हतं, १८७५ साली सरकारने सक्ती केली आणि मग लोकांनी घाईघाईत वाट्टेल ते आडनाव लावलं, समोर मासा दिसला तर मासा, भाजी दिसली तर भाजी, म्हणून ही विचित्र आडनावं. वाचायला मजा येते पण अर्धंच खरं आहे. एदो काळात, म्हणजे मेजी राजवटीच्या आधीची अडीचशेहून जास्त वर्षं, शेतकरी-व्यापाऱ्यांना आडनाव *जाहीरपणे* लावायची परवानगी नव्हती, ते आणि तलवार हे सामुराईंचे मान. पण परवानगी नसणं वेगळं आणि नसणं वेगळं. देवळांच्या वर्गणीच्या याद्या सापडल्या आहेत. १८१६ सालची नागानो भागातली एक यादी प्रसिद्ध आहे, दोन हजारांहून जास्त गावकऱ्यांची नावं, आणि त्यात आडनाव नसलेले अगदी बोटावर मोजण्याएवढे. सरकारी कागदावर नाही, पण गावात, देवळात, भाऊबंदकीत आडनाव होतंच.

मग मेजी सरकार आलं. १८७० मध्ये त्यांनी सामान्य लोकांना आडनाव लावायला परवानगी दिली (तारीख १९ सप्टेंबर, आजही तिथे 'आडनाव दिन' म्हणून सांगतात), १८७१ मध्ये घराण्याच्या नोंदवहीचा, कोसेकीचा कायदा आला, पुढच्या वर्षी देशभर पहिली कोसेकी तयार झाली, पण लोक काही उत्साहाने पुढे येईनात. त्यांना वाटलं हा नवा कर बसवायचा डाव. आणि भीती अगदीच खोटी नव्हती, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, आडनावाशिवाय पोरं मोजायची कशी म्हणून लष्कर खात्याने तगादा लावला आणि १३ फेब्रुवारी १८७५ ला हुकूम निघाला, आडनाव लावलंच पाहिजे. म्हणजे आडनावाची सक्ती झाली ती सैन्यासाठी, संस्कृतीसाठी बिंस्कृतीसाठी नाही. तेव्हा काही लोकांनी नवीन आडनावं घेतली हे खरं, भटजीने नाहीतर गावच्या मुखियाने सुचवली हे पण खरं, पण बहुतेकांनी घरात होतं तेच कागदावर आणलं. त्यामुळे दुर्मिळ आडनाव दिसलं की '१८७५ ची गडबड' म्हणून हसण्याआधी नकाशा उघडून बघावा, पुष्कळदा तिथे एखादी वाडी, एखादा ओढा, एखादं खाचर निघतं.

आता मरतात कशी ते. गंमत म्हणजे ज्या काळात जपान आडनावांची सक्ती करत होता नेमक्या त्याच काळात, १८७३-७४ मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन हा प्रश्न विचारत होता की मोठमोठ्या घराण्यांची आडनावं संपतात कशी, आणि वॉटसन नावाच्या पाद्र्याने त्याचं गणित मांडलं. गणित सोपं करून सांगायचं तर आडनाव मुलग्याकडून पुढे जातं असं धरा, तर एखाद्या पिढीत फक्त मुली झाल्या किंवा मूलच झालं नाही की खेळ खल्लास. मोठ्या आडनावाची शेकडो घरं असतात, एका घरात दिवा विझला तरी बाकीची आहेत. दहा घरांच्या आडनावाला तो आधार नाही. त्यामुळे लोकसंख्या अगदी स्थिर असली तरी बारकी आडनावं एकेक करून जातात आणि जागा मोठ्यांना मिळते. यात कुणाचा दोष नाही, कट नाही, नुसता फाशांचा खेळ. जपानमध्ये वर लोकसंख्या घटतेय, आणि घटतेय ती नेमकी हायाकावासारख्या खोऱ्यांत सगळ्यात आधी. म्हणजे फासे पण कमी वेळा पडणार.

जुन्या जपानला हे माहीत होतं आणि त्यांनी त्याच्यावर तोड काढली होती, जावई दत्तक घ्यायची. 'मुकोयोशी' म्हणतात. मुलगा नसेल किंवा असलेला धंद्याच्या कामाचा नसेल तर मुलीसाठी चांगला हुशार नवरा बघायचा आणि त्यालाच दत्तक घेऊन आपलं आडनाव द्यायचं. आपल्याकडे घरजावई म्हटलं की अर्धं गाव तोंड दाबून हसतं, तिथे मोठमोठ्या पेढ्या अशा चालल्यात. सगळ्यात जवळचं उदाहरण तर आपल्या दारात उभं आहे. मारुती सुझुकीवाले ओसामु सुझुकी हे जन्माने सुझुकी नव्हतेच, ते मात्सुदा, गिफु प्रांतातले. सुझुकी घराण्यात लग्न केलं आणि सुझुकी झाले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये वारले, पुढच्याच महिन्यात आपल्या सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केला. आता सुझुकी हे काही दुर्मिळ आडनाव नाही, सातोच्या खालोखाल तेच, पण पद्धत कशी चालते ते यावरून कळावं. (संपादक महोदय, जागा कमी पडली तर हा सुझुकीवाला परिच्छेद कापा, खालचा कायद्याचा कापू नका.)

कायदा असा आहे. जपानच्या दिवाणी कायद्याचं कलम ७५० म्हणतं की लग्नात नवराबायकोने दोघांपैकी एकाचं आडनाव घ्यायचं. कुणाचंही घ्या, पण एकच. कागदावर एकदम समान, प्रत्यक्षात ९५ टक्के जोडप्यांत बायको बदलते. परंपरा परंपरा म्हणून जे लोक याला कवटाळून बसलेत त्यांना हे सांगितलं पाहिजे की १८७६ साली मेजी सरकारने उलट हुकूम काढला होता, बायकोने माहेरचंच आडनाव लावावं म्हणून! एकच आडनाव हे १८९८ च्या दिवाणी कायद्यापासून, म्हणजे सव्वाशे वर्षांची परंपरा. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम घटनाबाह्य नाही म्हटलं, २०२१ मध्ये परत तेच म्हटलं, काय ते संसदेने ठरवावं. २०२४ च्या जूनमध्ये तर केइदानरेनने, म्हणजे तिथल्या बड्या उद्योगपतींच्या संघटनेने, ही सक्ती काढा असं सरकारला सांगितलं, कारण बाहेरदेशी गेलेल्या बायका पासपोर्टवर एक आणि कामावर दुसरं नाव घेऊन फिरतात आणि विमानतळापासून बँकेपर्यंत सगळीकडे अडकतात. उद्योगपती म्हणतायत, संयुक्त राष्ट्रांची समिती म्हणतेय, तरी अजून जुळत नाही.

माझं स्वतःचं मत असं की कायदा बदललाच पाहिजे, पण त्याने मिनाई वाचतील अशी आशा कुणी दाखवू नये. बाईने आपलं मिनाई ठेवलं, उत्तम, तिच्या हयातीपुरतं ते राहिलं, पण पोराला कुठलं तरी एकच आडनाव लागणार आणि गॉल्टनचे फासे तिथे परत पडणार. हिशोबातले ते ८ टक्के सातो खरे धरले तरी बारकी आडनावं जातच राहणार, फक्त हळूहळू. बायकांचा हक्क म्हणून मागणी करा, ती पूर्णपणे योग्य आहे, दुर्मिळ आडनावांचं रक्षण हे त्याच्या जोडीला लावलेलं लेबल आहे, पोस्टरवर छान दिसतं एवढंच.

एका बाबतीत मात्र मिनाईसारख्या लोकांना परवापरवा खरंच काहीतरी मिळालं आणि त्याची बातमी मला एकाही मराठी पेपरात दिसली नाही. कोसेकीत दीडशे वर्षं नाव फक्त कांजीत लिहिलेलं असायचं. उच्चाराचा रकानाच नव्हता! म्हणजे 'औषध-पिशवी'ला मिनाई म्हणायचं हे त्या घराला माहीत, गावाला माहीत, शाळेला माहीत, पण मूळ सरकारी नोंदीत त्याचा पत्ता नाही. कोविडच्या वेळी २०२० मध्ये सरकारने प्रत्येकाला पैसे वाटले तेव्हा हे चांगलंच नडलं, कारण बँकेत खातं असतं उच्चाराने, काताकाना या उच्चाराच्या लिपीत, आणि सरकारकडे नाव कांजीत, दोन्हींचा मेळ घालता घालता ऑफिसातल्या लोकांच्या नाकी नऊ आले. शेवटी कायदा बदलून २६ मे २०२५ पासून कोसेकीत उच्चार पण नोंदवायला सुरुवात झाली. तुमचा उच्चार आम्ही असा धरलाय, चूक असेल तर एका वर्षात कळवा, अशी पत्रं नगरपालिकांनी घरोघरी पाठवली. सातोला त्या पत्राचं काय, बघून ठेवून दिलं असेल. पण ज्याचं आडनाव आयुष्यभर लोकांनी चुकीचं वाचलं त्याच्यासाठी 'मिनाई' हा उच्चार पहिल्यांदा कायद्याने त्याचा झाला. दुकानात शिक्क्यांचं गोल फिरणारं स्टँड असतं तिथे, सही ऐवजी वापरायचे आडनावाचे छोटे शिक्के, शंभर येनला एक, त्यात सातो, तानाका, वातानाबे सगळे लाइनीत मिळतात आणि मिनाई लोकांना तो मुद्दाम कोरून घ्यावा लागतो. ते काही या कायद्याने बदलणार नाही.

आणि दुर्मिळ जपानी आडनाव म्हटलं की सगळे मागेच बघतात, शिंगेन आणि सामुराई, पण नवीन दुर्मिळ आडनावं आत्ता तयार होतायत, त्यातलं एक तर शुद्ध मराठी आहे. योगेंद्र पुराणिक २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले, २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा वॉर्डातून निवडून आले, भारतात जन्मलेला माणूस जपानात निवडून यायची ती पहिलीच वेळ. पुढे इबाराकी प्रांतातल्या एका नामवंत सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. जपानी नागरिकत्व घेताना जपानी वाटेल असं आडनाव घेतलंच पाहिजे अशी सक्ती आता नाही, जपानी लिपीत लिहिता आलं की झालं, आणि त्यांनी पुराणिकच ठेवलं, काताकानात 'पुरानिकु'. यामानाशीतल्या मिनाईंपेक्षा कितीतरी दुर्मिळ! टोकियोतल्या निशिकासाईत आपली एवढी मंडळी आहेत, पुढेमागे देशपांडे, कुलकर्णी, जाधव पण त्या वहीत चढतील, आणि कलम ७५० त्यांच्या लेकीसुनांनाही लागू होईल, तेव्हा ही चर्चा आपल्या अगदीच परक्यांची राहणार नाही.

तर विनंती एवढीच आहे की एक, पुढच्या वेळी सातोची चौकट छापाल तेव्हा सोबत ती २ लाख ८० हजारांची ओळ आणि ८ टक्क्यांची ओळ छापा. दोन, पुण्यात जपानी शिकलेली शेकड्याने मुलंमुली आहेत, जपानी नाव आलं की त्यातल्या एखाद्याला फोन करून उच्चार विचारत जा, कुणी पैसे मागणार नाही. आणि तीन, कलम ७५० वर जपानच्या संसदेत पुढे जे काही होईल ते आतल्या पानावर का होईना पण बातमी म्हणून द्या, कोपऱ्यातल्या गमतीत नको.

आपला,
एक जुना वाचक
चिंचवड, पुणे